प्लॉट ‘सेटलमेंट’मध्ये आहे, पण नदीपासून किती?

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या भाईंनी गेल्या महिन्यात झोनिंग सर्टिफिकेट काढलं आणि फेरीतून उतरल्या उतरल्या माझ्या हातात ठेवलं. सर्वे नंबर, खाली ‘सेटलमेंट’ (म्हणजे वस्तीची जमीन) असा शब्द, शिक्का. घरापुढे, अगदी मांडवीच्या काठाला, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या असा त्यांचा बेत. मी एवढंच विचारलं, “पाणी किती लांब?” म्हणाले, “तीसेक पावलं.” तिथेच खोल्या अडल्या.

भाई एकटेच चुकलेत असं नाही. ‘झोन’ हा शब्द दोन वेगवेगळ्या कायद्यांनी वापरलाय, आणि दोन्हींचा नकाशा रंगीत. त्यामुळे अर्ध्या गोव्याला वाटतं की एकच झोन असतो आणि तो टीसीपीत, म्हणजे राज्याच्या नगर नियोजन खात्यात, मिळतो.

पहिला झोन रीजनल प्लॅनचा. 1974 च्या नगर नियोजन कायद्याखालचा, म्हणजे राज्याचा. सध्या ‘2021’चा प्लॅन चालतो, शहरांच्या भागात त्याऐवजी पीडीएचा (नियोजन आणि विकास प्राधिकरणाचा) ओडीपी, म्हणजे शहरापुरता आराखडा. हा झोन विचारतो एकच गोष्ट: या जमिनीचा उपयोग कशासाठी? राहण्यासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी की जंगल म्हणून? खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आणि खारफुटी त्यात ‘इको-वन’मध्ये, म्हणजे सगळ्यात जपायच्या वर्गात, येतात. पाणी किती लांब आहे, हा त्याचा मुख्य प्रश्नच नव्हे.

दुसरा झोन सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा. 1986 च्या पर्यावरण कायद्याखालची केंद्राची अधिसूचना. पहिली 19 फेब्रुवारी 1991 ची, मग 2011, मग 2019. याला तुमच्या जमिनीचा रंग दिसत नाही. तो टेप घेऊन काठावर उभा राहतो. उधाणाची भरती जिथवर चढते तिथे एक रेषा, तिथून आत इतके मीटर, बस. गोव्यात हे काम किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण पाहतं.

‘सीआरझेड म्हणजे समुद्र, आमची तर नदी’ असं म्हणणारे खूप भेटतात. नाव किनाऱ्याचं असलं तरी भरती जिथे आत शिरते त्या नद्या, खाड्या सगळ्या त्यात आल्या. कुठवर? तर उन्हाळ्यात, नदी सगळ्यात आटलेली असताना, पाण्यातलं मीठ हजार भागांत पाच भागांपर्यंत उतरतं तिथवर. भरती त्याच्याही वर जाणवू शकते, पाणी चढतं-उतरतं. पण रेषा भरतीने नाही, मिठाने ठरते. म्हणून त्याच म्हादईवर (मांडवीचंच वरच्या भागातलं नाव) वर सत्तरी तालुक्यातल्या काठाचा आणि चोडणच्या काठाचा नियम एक नाही.

आता मीटर. 2011 च्या अधिसूचनेत नदीकाठी 100 मीटर, किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. हे ‘जे कमी’ नीट वाचा. मांडवी चोडणला भरपूर रुंद, म्हणून भाईंना पूर्ण शंभर लागू. पण गावातून जाणारी 30 मीटर रुंदीची खाडी असेल तर तिथे तीसच. ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड-तीनमध्ये, हाच पट्टा ‘नो डेव्हलपमेंट झोन’. (गंमत अशी की रीजनल प्लॅनमध्येही ‘नो डेव्हलपमेंट’ आहे, ते 25 टक्क्यांहून जास्त उताराच्या डोंगरासाठी. नाव तेच, जागा उलटी.)

या शंभराचीही एक गोष्ट आहे. 1994 मध्ये केंद्राने नद्यांसाठी तो 50 वर आणला, सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ती सूट रद्द केली. 2019 च्या अधिसूचनेत पन्नास पुन्हा आले. पण ती अधिसूचना राज्याचा किनारी आराखडा तिच्याप्रमाणे नव्याने मंजूर झाल्यावरच लागू होते, आणि गोव्याचा 2011 नुसारचा आराखडाच मंजूर व्हायला 2022 उजाडलं. तेव्हा एखादा एजंट ‘आता पन्नासच’ म्हणाला, तर कुठल्या आराखड्यावर ते आधी विचारा.

दोघांत मला सगळ्यात महत्त्वाचा फरक वाटतो तो असा: पहिल्या झोनचा रंग अर्ज करून बदलता येतो. नगर नियोजन कायद्याचं कलम 17(2) काय, 2024 चं 39अ काय, प्लॉटपुरता रंग बदलण्यावरून केवढं रान पेटलं ते सगळ्यांनी पाहिलं. उधाणाची रेषा मात्र अर्जाने हलत नाही. प्लॉट सेटलमेंट करून घेतला, सनदही (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) काढली, तरी नदी होती तिथेच आहे.

खाजनात मात्र दोघांचं पटतं. रीजनल प्लॅन त्याला इको-वन म्हणतो, 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात खाजन जमिनीत विकासकाम नाही असं स्पष्ट लिहिलंय. तरी दारं दोन. बांधाआड कुणी मातीचे ट्रक ओतू लागला तर टीसीपीकडे कलम 17अ खाली तक्रार होते, कारण सखल जमीन भरायलाही त्यांची परवानगी लागते. आणि प्राधिकरणाकडे वेगळी. एकीकडे दिलेली तक्रार आपोआप दुसरीकडे पोचेल, या भरवशावर राहू नये.

भाईंचं पुढे काय? नव्या खोल्या गेल्या. पण जुनं घर त्याच पट्ट्यात असलं तरी दुरुस्त करता येईल, अगदी पाडून पुन्हा बांधताही येईल. अट ही की ते अधिकृत असावं आणि चौथरा आणि एफएसआय (प्लॉटच्या तुलनेत बांधकामाचं प्रमाण) वाढू नये. आणि ते 1991 च्या आधीचं आहे हे दाखवता आलं तर काम सोपं. त्यासाठी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद), जुना सर्वे प्लॅन, घरपट्टीच्या पावत्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या काळच्या पावत्या आहेत असं भाई म्हणतात. वाळवीने किती ठेवल्यात ते रविवारी बघायचंय.