भरीव वेळूचे बेट

सोलापूर भागात डाळिंबाला फळ धरले की फांद्यांना बांबूचा टेकू द्यावा लागतो. अशी एखादी काठी आडवी कापून तिचे तोंड पाहावे. पोकळी कधी पेन्सिलीएवढी असते, तर कधी मुळीच नसते. ही काठी बहुधा मानवेलाची असते. शास्त्रीय भाषेत डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वेळूला भरीव बांबू किंवा नर बांबू असेही म्हणतात. ‘नर’ हा शब्द केवळ टणकपणामुळे आला आहे, त्याचा लिंगाशी संबंध नाही. कोरड्या, उथळ जमिनीत वाढलेल्या मानवेलाची भिंत जाड होते आणि ओलसर ठिकाणी तीच जात तुलनेने पोकळ राहते. पोलिसांची लाठी याच बांबूची करण्याची जुनी रीत आहे.

बांबू हे झाड नसून गवत आहे आणि आपली ज्वारी त्याच्याच कुळातली. खोड जाड करणारा पेशींचा थर गवतात नसतो, त्यामुळे पावसाळ्यात जमिनीतून निघालेला कोंब जेवढा जाड, तेवढीच त्याची काठी आयुष्यभर राहते. दोन-तीन महिन्यांत ती पूर्ण उंची गाठते, साधारण 8 ते 16 मीटर. पुढची तीन-चार वर्षे ती आतून पक्की होत जाते. म्हणून बारीक काठी पुढे जाड होईल या आशेने राखणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

मानवेलाचा जमिनीखालचा कंद आखूड आणि वाकडा असतो, त्यामुळे काठ्या एकमेकींना चिकटून येतात आणि बेट तयार होते. थंड प्रदेशांतील काही बांबूंचे कंद लांबवर धावत शेजारच्या वावरात शिरतात, तसा उपद्रव येथे होत नाही. नवे कोंब मात्र बेटाच्या बाहेरच्या कडेला फुटतात आणि जुन्या काठ्या मध्ये अडकून पडतात. तोडणाऱ्याचा कोयता साहजिकच कडेच्या, हाताशी येणाऱ्या कोवळ्या काठीवर पडतो. माझ्या मते बेटे दुष्काळापेक्षा या चुकीनेच जास्त बिघडतात, कारण पुढचे कोंब याच कोवळ्या काठ्यांच्या कंदांतून यायचे असतात. बेट एका बाजूने घोड्याच्या नालेसारखे उघडावे, आतल्या तीन वर्षांवरील काठ्या जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या वर कापाव्यात आणि काही पक्क्या काठ्या आधारासाठी राखाव्यात. तोड पावसाळा संपल्यावर करावी. पावसाळ्यात कोंब नाजूक असतात आणि त्यांना धक्का लागतो. काठीत पिठूळ अंश फार असेल तर भुंगेरे तिला पोखरतात. काठ्या काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्या की तो अंश कमी होतो.

सोलापुरात वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडतो आणि मानवेल 750 मिलिमीटरच्या पुढे खुलतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. उन्हाची मात्र त्याला भीती नाही. मुरमाड बांध त्याला मानवतो, पण पाणी साचून राहणारी भारी काळी जमीन मानवत नाही. वनाबाहेर लावलेल्या बांबूला 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आले, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले.

उपयोग सर्वांना माहीत आहेत. बुरूड ओल्या बांबूच्या कामट्या काढून सूप, दुरडी, टोपली विणतात, पाडव्याला घरोघरी गुढीसाठी काठी लागते आणि सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत मिरवणारे सात नंदीध्वजही बांबूच्याच उंच काठ्यांवर उभे राहतात. बल्लारपूरसारख्या ठिकाणी कागदासाठीही बांबू वापरला गेला.

मानवेल साधारण 25 ते 45 वर्षांनी फुलतो. एका भागातली बेटे बहुधा एकत्रच फुलतात आणि बी टाकून वाळतात. हे बी तांदळासारखे दिसते आणि दुष्काळात लोकांनी ते शिजवून खाल्ले आहे. जुन्या बेटाचा कंद काढून लावलेले रोप वयाने नवे नसते. आईच्या बेटाचा फुलोरा आला की बहुधा तेही फुलते आणि वाळते. तेव्हा रोपवाटिकेतून मानवेल आणताना रोप बियाचे की कंदाचे, आणि कंदाचे असल्यास तो कोणत्या बेटाचा, एवढे जरूर विचारावे.