बातमी कुठून सुरू होते?

16 फेब्रुवारी 2024 ला रशियातल्या खार्प गावच्या तुरुंगातून, म्हणजे पार आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडून, एक छोटंसं सरकारी निवेदन आलं. फेरफटका मारून आल्यावर कैदी नवाल्नी यांना बरं वाटेनासं झालं, लगेच शुद्ध हरपली, डॉक्टरांचे प्रयत्न फसले. पुतिन यांचे सर्वांत कडवे विरोधक अलेक्सेई नवाल्नी 47 व्या वर्षी गेले.

'तास'सारख्या सरकारी वृत्तसंस्थांनी निवेदनच बातमी म्हणून दिलं. त्यांची गोष्ट त्या फेरफटक्यापासून सुरू होते. लात्वियातल्या रीगाहून चालणारं 'मेदुझा' हे वृत्तसंकेतस्थळ किंवा देशाबाहेर गेलेली 'दोझ्द' वाहिनी मात्र मागे जाते: 2020 मध्ये नवाल्नींवर झालेला नोविचोक या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषाचा प्रयोग, बर्लिनमधले उपचार, जानेवारी 2021 मध्ये परतताच झालेली अटक, शिक्षाकोठडीत काढलेले सुमारे 300 दिवस. पहिल्या गोष्टीत आरोपी असूच शकत नाही. दुसरीत तो शोधावाच लागतो.

रॉबर्ट एंटमन या अमेरिकी अभ्यासकाने 1993 मध्ये याची नीट मांडणी केली. वास्तवातलं काही निवडायचं आणि तेच ठळक करायचं, ही झाली बातमीची चौकट. समस्या काय, कारण कोणतं, दोष कुणाचा आणि उपाय काय, हे चौकटच ठरवते. त्यासाठी खोटं बोलावं लागतंच असं नाही.

चौकट मोजतात कशी? शेकडो बातम्या घ्यायच्या आणि प्रत्येकीला तेच प्रश्न विचारायचे. मृत्यूचं कारण दिलंय का? जबाबदार कोण? मृताची ओळख काय: 'विरोधी नेते', 'ब्लॉगर' की 'दोषी कैदी'? दोन जण स्वतंत्रपणे नोंदी करतात; त्या पुरेशा जुळल्या तरच आकडे ग्राह्य. मौन मोजणं सर्वांत अवघड. पुतिन यांनी वर्षानुवर्षं जाहीरपणे टाळलेलं नवाल्नींचं नाव उच्चारलं ते 17 मार्चला, निवडणूक आटोपल्याच्या रात्री. 1 मार्चच्या मॉस्कोतल्या अंत्ययात्रेचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर होतं, सरकारी वाहिन्यांवर नव्हतं. जे छापलंच नाही, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

सरकारी बाजू केवळ गप्पच होती असंही नाही. 'आरटी' या रशियन सरकारी वाहिनीच्या प्रमुख मार्गारिता सिमोन्यान यांचा सूर असा: नवाल्नींना लोक विसरलेच होते, निवडणुकीच्या तोंडावर त्यांना मारून फायदा कुणाचा?

निर्वासित माध्यमांचीही चौकट असतेच. हुतात्म्याची प्रतिमा उभी राहिली की त्या माणसाचे जुने राष्ट्रवादी उद्गार समासात जातात. तुरुंगात वार्ताहर पाठवता येत नाही, म्हणून निनावी सूत्रांवर भिस्त. तरी दोघांना एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही. सरकारी बाजूकडे मृतदेह, तुरुंगातले कॅमेरे आणि वैद्यकीय कागद होते. आईलासुद्धा मृतदेह आठवडाभर मिळाला नाही.

अर्थात, कोण खरं बोलतंय हे चौकटीच्या अभ्यासातून कळत नाही. ते काम रसायनशास्त्राचं. सप्टेंबर 2025 मध्ये पत्नी युलिया यांनी सांगितलं, की गुपचूप बाहेर नेलेल्या नमुन्यांवरून दोन देशांतल्या प्रयोगशाळांनी विषप्रयोगाचा निष्कर्ष काढला आहे. क्रेमलिनचे प्रवक्ते म्हणाले, याबद्दल आपल्याला काही माहीत नाही.