वाकळ

वाकळ : (स्त्री.; अनेकवचन वाकळा). जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून हातटाक्यांनी शिवलेले जाड अंथरूण किंवा पांघरूण. सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत हा शब्द रूढ आहे. इतरत्र ‘गोधडी’ म्हणतात, आणि आता कराड-सांगलीच्या शहरी घरांतही गोधडीच अधिक ऐकू येते. माण, आटपाडी, जत या तालुक्यांतील घोंगडी ही वेगळी वस्तू. ती मेंढीच्या लोकरीची व मागावर विणलेली असते, वाकळ शिवतात.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘वाकळ’ व ‘गोधडी’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘वाकळ’ हा संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल यांवरून आला असावा. ‘ल्क’चा ‘क्क’ होणे, पुढे मराठीत त्यातला एक क गळून आधीचा स्वर दीर्घ होणे व दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ होणे, ही सर्व स्थित्यंतरे मराठीच्या ध्वनिनियमांना धरून आहेत. अडचण अर्थाची आहे. झाडाच्या सालीचे वस्त्र आणि चिंध्यांचे पांघरूण यांत अंतर बरेच. विरक्ताने अंगावर घ्यायचे वस्त्र हा मधला दुवा मानला तर ते कमी होते. संस्कृत ‘कंथा’ हा शब्दही ठिगळांच्या वस्त्राला आणि जोगी-संन्याशांच्या पांघरुणाला मिळूनच वापरला जातो, हे येथे लक्षात घ्यावे. ‘गोधडी’चे नाते हिंदी गुदडी व गुजराती गोदडी यांच्याशी उघड आहे. मराठीत द-चा ध का झाला याचा उलगडा समाधानकारक नाही; धडपा, धडुते या वस्त्रवाचक शब्दांचा तो परिणाम असणे शक्य आहे. सीमेपलीकडील कन्नड ‘कौदी’ वेगळ्या कुळातील दिसते, वस्तू मात्र जवळपास तीच.

वाकळेचे अस्तर व वरचा थर शक्यतो नऊवारी लुगड्यांचा असतो. लांबी पुरेशी मिळते आणि अनेक धुण्यांनी सूत मऊ झालेले असते. पोटात धोतर, पटका, परकर, फाटके सदरे, काहीही चालते. तुकडे एकमेकांवर थोडे चढवून पसरतात, नाहीतर मध्ये पोकळ जागा राहून तिथेच वाकळ आधी विरते. जमिनीवर कापड ताणून कोपऱ्यांवर वजन ठेवतात. दोरा दुहेरी किंवा त्याहून जाड, सुई मोठी, टाका साधा धावदोऱ्याचा. ओळी बहुधा कडेने सुरू होऊन चौकोनाच्या आत चौकोन अशा मध्याकडे सरकतात, त्यामुळे थरांतला फुगा आत ढकलला जातो. मधोमध चुणी पडली तर शिवणारीचा हात कच्चा समजावा. सरळ समांतर ओळींची पद्धतही आहे. दोन-तीन जणी एकेक बाजू धरून बसल्या तर काम लवकर उरकते, पण टाक्यांची लांबी बदललेली ओळखू येते. हे काम उन्हाळ्यातील दुपारचे. पावसाळ्यापूर्वी ते संपलेले बरे.

तान्ह्या मुलासाठी पातळ, मऊ कापडाचे दुपटे शिवतात. पहिल्या बाळंतपणात ते आजोळहून बाळंतविड्यात झबली, कुंची, टोपडी यांच्यासह येते.

याच बाळंतविड्यात लोकरीचे मोजे व स्वेटरही आले. दोन सुयांवरचे हे विणकाम एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा व युरोपीय कुटुंबे यांच्यामार्फत आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सातारा, सांगली-मिरजेत अमेरिकन मिशनची केंद्रे होती, महाबळेश्वर-पाचगणीत युरोपीय वस्ती होती. या भागापुरता तोच मार्ग संभाव्य वाटतो. मात्र मराठीत मागावरच्या आणि सुयांवरच्या अशा दोन्ही कामांना ‘विणणे’ हेच क्रियापद असल्याने जुन्या मजकुरातील ‘विणकाम’ म्हणजे सुयांवरचेच, असे धरून चालता येत नाही. उलट-सुलट टाके व क्रोशाची तोरणे सर्वपरिचित आहेत.

धंद्यांची नोंद घेणाऱ्या ग्रंथांत घोंगडीला जागा मिळते. विक्रीस न जाणाऱ्या वाकळेला क्वचितच. कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्यापासून तिचा पोत बदलला आहे. हे कापड सुईखाली सरकते, घाम शोषत नाही. म्हणून निदान वरच्या थराला तरी सुती साडी राखून ठेवतात.