मधूनच बंद पडणारी जुनी गाडी: गॅरेजला आणण्याआधी हे वाचा

सिग्नलला उभं असताना इंजिन बंद पडतं. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी गाडी चालू होते, आणि गॅरेजला आणली की दिवसभर सुरळीत चालते. जुन्या पेट्रोल गाड्यांची ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. हे पत्रक त्या ग्राहकांसाठी.

असा दोष घडत असतानाच पकडावा लागतो. इंजिन नीट चालू असताना मीटर लावला तर सगळी मापं बरोबर येतात. मग अंदाजानं भाग बदलणं सुरू होतं: आधी प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती), मग पेट्रोल पंप. बिल वाढतं आणि गाडी पुन्हा घाटात थांबते. आम्हाला तसं करायचं नाही. त्यासाठी तुमची मदत लागते, कारण गाडी बंद पडते तेव्हा तिच्यापाशी तुम्ही असता.

बंद पडली त्या वेळी

आधी सुरक्षितता. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक जड होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. घाबरू नका, पेडल सोडून पुन्हा पुन्हा दाबण्यापेक्षा एकदाच जोर लावून धरा, गाडी थांबते. कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. तापमानाचा काटा वर असेल तर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

मग हे बघा आणि लिहून ठेवा. चावी ऑन केल्यावर चेक लाइट लागते का? इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो का? सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का? पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला का, आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली का? तसं झालं असेल तर झाकणातला हवेचा मार्ग बुजलेला असू शकतो, आणि तो खर्च अगदी किरकोळ असतो.

टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिहा. टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी तळाला गेली की म्हातारा पंप तापून थांबतो.

बॅटरीचा टर्मिनल काढून पुन्हा लावू नका. रस्त्यावर कुणीतरी हा सल्ला हमखास देतो, पण त्यामुळे बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरमधली दोषाची नोंद पुसली जाते.

गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर

सर्वात जास्त गाड्या या प्रकारच्या असतात. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात बंद, अर्ध्या तासानं चालू.

इग्निशन कॉइलच्या आत बारीक तारेचे वेढे असतात. वर्षानुवर्षं तापून वेढ्यात कुठे तडा गेला की गरम असताना जोड सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. क्रँक सेन्सरचंही तसंच. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. त्याचा सिग्नल गेला की बऱ्याच गाड्यांत प्लगचा करंट बंद आणि पेट्रोलही बंद. आरपीएमचा काटा न हलणं ही त्याचीच खूण असू शकते. आम्ही हॉट एअर गननं कॉइल आणि सेन्सर एकेक करून तापवतो आणि कशामुळे इंजिन बंद पडतं ते बघतो. दोष तुमच्यासमोर दाखवता आला तरच तो भाग बदलायला सांगतो.

कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे २००० च्या आधीच्या बहुतेक मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनीत, उन्हाळ्यात पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी चालू झाली तर आम्हाला जरूर सांगा. फडकं कॉइलवर किंवा तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर ठेवू नका.

चढाला किंवा वेगात पिकअप जाऊन बंद, थोडं थांबल्यावर पुन्हा ठीक: इथे टाकीतला गाळ आणि फिल्टर आधी बघतो. गाडी थांबली की जाळीवरचा गाळ खाली बसतो, म्हणून ती चालू होते.

पावसात किंवा खड्ड्यात

पावसाळ्यात मिसिंग होत असेल, म्हणजे इंजिन अडखळत चालत असेल, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण बघतो. रात्री अंधारात बॉनेट उघडलं तर वायरीतून उडणारी ठिणगी डोळ्यांनी दिसते; हात मात्र लावू नका. याच दिवसांत उंदीरही बॉनेटखाली वायरी कुरतडतात. खड्ड्यात झटका बसून बंद पडत असेल तर बॅटरीचे टर्मिनल, इंजिनची अर्थिंगची पट्टी, मेन रिले (इंजिनच्या यंत्रणेला करंट सोडणारा स्विच) आणि चावीचा स्विच बघतो. जुन्या गाडीत महागड्या भागापेक्षा सैल किंवा गंजलेला जोडच जास्त वेळा सापडतो.

सीएनजी किट असेल तर

कोणत्या इंधनावर त्रास होतो हे नक्की सांगा. फक्त पेट्रोलवर झाला तर पंप, फिल्टर, इंजेक्टर. फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर किटसोबत प्लग आणि कॉइलही बघावे लागतात, कारण गॅस पेटायला जोरदार ठिणगी लागते आणि अशक्त कॉइल आधी तिथेच उघडी पडते.

स्कॅनर लावला की कळत नाही का?

नेहमी नाही. स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरमधली दोषाची नोंद, म्हणजे कोड, वाचतो. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत स्कॅनरला मोजकंच दिसतं, कार्बोरेटरच्या गाडीत तर काहीच नाही. कोड मिळाला तरी दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढंच तो सांगतो. सेन्सर खराब, वायर तुटलेली की अर्थिंग सैल, हे मल्टिमीटरनंच ठरतं.

आमच्याकडे गाडी दिल्यावर

दोन-तीन दिवस गाडी आमच्याकडे राहू द्या. ट्रायलला आम्ही ती यवतेश्वरच्या घाटात नेतो, स्कॅनर किंवा पेट्रोलचा प्रेशर गेज जोडलेला ठेवून. तपासणीची मजुरी वेगळी लावतो आणि आधी सांगतो; शोधायला लागलेला वेळ हेच इथलं मुख्य काम आहे. काढलेला भाग तुमच्या हातात देतो. दोष आमच्याकडे घडलाच नाही तर तसं स्पष्ट सांगून गाडी परत देतो, अंदाजानं काही बदलत नाही.

येताना मागच्या दुरुस्तीची बिलं आणा. ज्या रस्त्यावर, ज्या वेळी गाडी हमखास बंद पडते त्याच वेळी, शक्य असेल तर आमच्या माणसाला शेजारी बसवून एक फेरी मारा. पेट्रोल भरून आणू नका. बंद पडली तेव्हा टाकीत होतं तेवढंच राहू द्या.