दूध काढण्याचा पंप: रुग्णालयातला आणि घरगुती

दूध काढण्याच्या विजेच्या पंपाच्या खोक्यावर ‘हॉस्पिटल ग्रेड’ असे ठळक अक्षरांत छापलेले दिसले, की हा पंप नवजात शिशूंच्या कक्षात वापरतात त्याच प्रकारचा असणार, असा घेणाऱ्याचा समज होतो. तो समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अशा पंपांना वैद्यकीय साधन मानते, परंतु ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दांची ठरलेली अशी व्याख्या तेथेही नाही. त्यामुळे कोणत्याही उत्पादकाला आपल्या दोन-अडीच हजारांच्या पंपावर ते छापण्यात अडचण येत नाही. जी विभागणी खरोखर अर्थपूर्ण आहे, ती वेगळीच आहे: एका पंपाची रचना अनेक मातांनी आळीपाळीने वापरण्यासाठी केलेली असते आणि दुसऱ्याची केवळ एकाच मातेसाठी. पहिला रुग्णालयातला, दुसरा घरगुती. दोघांनाही मोटर असते, दोघांनाही नळ्या आणि बाटल्या असतात, दोघांचेही काम ओढ निर्माण करून दूध बाहेर काढण्याचे असते. चित्रे पाहून ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला त्यांतला फरक कळणे म्हणूनच कठीण जाते.

अनेकींसाठीचा पंप वजनदार असतो. काहींचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते. त्याची मोटर दिवसरात्र, वर्षानुवर्षे चालेल अशी असते आणि ती यंत्राच्या बंद पेटीत असते. दूध ज्या भागांतून वाहते ते भाग, म्हणजे स्तनावर लावायचे नरसाळे, झडप आणि बाटली, तसेच यंत्राला जोडायची हवेची नळी, हा प्रत्येक मातेचा स्वतंत्र संच असतो. माता बदलली की संच बदलतो, यंत्र तेच राहते. दुधाचा थेंब किंवा दुधाची वाफ मोटरपर्यंत पोहोचू नये यासाठी मध्ये अडथळा असतो, आणि उत्पादकाने यंत्राची चाचणी अनेकींच्या वापरासाठी केलेली असते. घरगुती पंपाची मोटर लहान असते, दिवसातून काही वेळा चालवावी अशा बेताने बनवलेली असते, आणि तिच्यावरची हमीसुद्धा एकाच मातेच्या वापरापुरती दिलेली असते.

आपल्याकडे हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण बाळंतपणाचे सामान घरातल्या घरात फिरते. थोरल्या जावेच्या बाळाचा पाळणा धाकटीकडे येतो, नणंदेची दुपटी आणि झबली भाचरांना पुरतात, आणि त्यात गैर काही नाही. पाळणा धुऊन-पुसून उन्हात ठेवला की तो पुन्हा वापरण्याजोगा होतो. गेल्या काही वर्षांत या सामानात पंपाचीही भर पडली आहे. सुरतेत किंवा पुण्यात राहणारी लेक पहिल्या बाळंतपणासाठी अमळनेरला किंवा शहाद्याला माहेरी येते, तेव्हा वहिनीचा जुना पंप तिच्यासाठी काढून ठेवलेला असतो. हेतू चांगलाच असतो. परंतु एकीसाठीच्या पंपांपैकी अनेकांची रचना खुली असते, म्हणजे नरसाळे आणि मोटर यांच्यामध्ये पक्का अडथळा नसतो. दुधाचे सूक्ष्म कण आणि ओलावा नळीवाटे मोटरच्या आत जातात, तेथे बुरशी धरू शकते, आणि मोटर उघडून धुता येत नसल्यामुळे बाहेरून कितीही उकळले तरी आतले तसेच राहते. दुधातून संसर्ग होऊ शकणारे काही विषाणू आहेत, त्यामुळे ही शंका केवळ किळसेची नाही. नवी नळी आणि नवे नरसाळे विकत आणले तरी खुल्या रचनेच्या पंपाचा हा दोष जात नाही.

येथे आणखी एक गल्लत होते. काही घरगुती पंपही बंद रचनेचे असतात आणि विक्रेता ते अभिमानाने सांगतो. बंद रचना चांगलीच. नळीत दूध शिरत नाही, स्वच्छता सोपी होते. मात्र बंद रचना असली म्हणजे पंप अनेकींसाठी झाला, असे नाही. अनेकींसाठीचा पंप बंद रचनेचा असतो. बंद रचनेचा प्रत्येक पंप अनेकींसाठी नसतो. माहितीपत्रकात ‘एकाच व्यक्तीच्या वापरासाठी’ असे लिहिलेले असेल, तर तेच अंतिम मानावे. सख्ख्या बहिणीचा पंप आहे म्हणून त्याला अपवाद करू नये.

जुन्या पंपाचा दुसरा तोटा संसर्गाहूनही अधिक वेळा भोवतो, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. घरगुती मोटर वापराने थकते आणि तिची ओढ हळूहळू कमी होते. ती थकली आहे हे आवाजावरून कळेलच, असे नाही. मग बाटलीत तळाशी पंधरा-वीस मिलिलिटर दूध जमा होते, आणि घरातल्या सगळ्यांच्या नजरा त्या बाटलीवर खिळतात. भेटायला आलेली प्रत्येक बाई ‘पोरले दूध पुरस का?’ म्हणून विचारते, आणि बाळंतिणीची खात्री पटते की दोष आपल्यातच आहे. वस्तुतः दोष मोटरचा असतो, किंवा त्याहूनही साध्या गोष्टीचा, म्हणजे झडपेचा असतो. सिलिकॉनची ती लहानशी झडप सैल झाली किंवा तिला बारीक चीर गेली, तर उत्तम पंपही ओढत नाही. नियमित वापरात ती दर काही आठवड्यांनी बदलावी लागते आणि तिची किंमत पंपाच्या तुलनेत किरकोळ असते. शिवाय पंपाने निघालेले दूध हे मातेला येणाऱ्या दुधाचे माप नव्हेच. नीट पकड घेतलेले बाळ बहुतेक पंपांपेक्षा चांगले दूध ओढते. दूध पुरते की नाही हे बाळाच्या वजनावरून आणि लघवीवरून पाहावे: पहिला आठवडा सरता सरता दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळचे वजन परत गाठणे, या खुणा बाटलीपेक्षा विश्वासार्ह आहेत.

ओढीच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. पारा-मिलिमीटर या दाबाच्या एककात दिलेला सर्वाधिक ओढीचा आकडा घरगुती पंपावर कधी कधी रुग्णालयातल्या पंपाहून मोठा छापलेला असतो. रुग्णालयातल्या पंपाची कमाल ओढ साधारण 250 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असते, तर काही घरगुती पंप 300 सांगतात. यावरून घरगुती पंप सरस ठरत नाही. बाळ स्तनाला लागल्यावर आधी भराभर, उथळ चोखते. त्यामुळे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि पान्हा फुटतो, आणि मग बाळ संथ, खोल घोट घेऊ लागते. चांगला पंप हीच लय पाळतो, आणि अनेकींसाठीच्या पंपाचे बलस्थान त्या लयीच्या सातत्यात आहे. दिवसातून आठ-दहा वेळा, आठवडेच्या आठवडे चालवला तरी ती लय बिघडत नाही. ओढ वाढवली की दूध वाढते, हा समज तर सोडूनच द्यावा. दुखणार नाही अशी जी सर्वांत जास्त ओढ, तीच योग्य. त्यापुढे गेल्यास स्तनाग्रे सुजतात आणि वेदनेमुळे पान्हा उलट अडतो.

रुग्णालयातल्या पंपाची खरी गरज कोणाला असते? ज्या मातेचे दूध केवळ पंपावरच टिकवायचे आहे, तिला. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, जळगावच्या किंवा धुळ्याच्या नवजात अतिदक्षता कक्षात ठेवले आणि ते अजून चोखू शकत नाही, अशा वेळी स्तनांना दूध बनवण्याचा संदेश देणारे दुसरे कोणी नसते. प्रसूतीनंतर लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या सहा तासांच्या आत, दूध काढण्यास सुरुवात करावी आणि पुढे रात्र धरून चोवीस तासांत किमान आठ वेळा ते काढत राहावे, असे साधारणपणे सांगितले जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक घट्ट आणि थोडा असतो. तो पंपाच्या भागांना चिकटूनच वाया जातो, म्हणून तेवढे दिवस हाताने दूध काढणे अधिक चांगले. अंगठा आणि बोटे स्तनाग्राभोवतालच्या काळसर भागाच्या किंचित मागे ठेवून आधी छातीच्या दिशेने आणि मग एकमेकांकडे दाबण्याची ही पद्धत कक्षातल्या परिचारिका शिकवतात. तिला काही खर्च नाही. दूध उतरू लागले की दोन्ही स्तनांचे एकाच वेळी काढणारा, अनेकींसाठीचा पंप वेळही वाचवतो आणि दुधाचे प्रमाणही राखतो. जुळ्यांच्या मातेला, किंवा टाळू दुभंगलेल्या बाळाच्या मातेलाही तोच उपयोगी पडतो. धडगाव-अक्कलकुव्याकडची माता बाळासोबत नंदुरबारच्या रुग्णालयात थांबली असेल, तर स्वतःचा पंप घेण्यापूर्वी तिने कक्षात पंप आहे का आणि तिला तिचा स्वतंत्र संच मिळेल का, एवढे आधी विचारावे.

याउलट बाळ अंगावर नीट पीत आहे आणि आईला काही तासांसाठीच बाहेर जायचे आहे, तर घरगुती पंप पुरेसा आहे. 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची मातृत्व रजा मिळते. ज्या बाईला ती प्रसूतीनंतर पूर्ण मिळते, ती कामावर रुजू होईपर्यंत बाळ वरचे अन्न खाण्याच्या वयात आलेले असते, आणि तिला कार्यालयात दिवसातून एक-दोन वेळाच दूध काढावे लागते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानात किंवा खासगी शिकवणीत काम करणाऱ्या बाईला हे संरक्षण सहसा मिळत नाही. ती दोन-तीन महिन्यांतच परत जाते आणि तिला पंपाची गरज अधिक असते. तिने एकेरीऐवजी दुहेरी घरगुती पंप घ्यावा, असे माझे मत आहे. किंमत जास्त पडते, पण काम सोडून बसण्याचा वेळ निम्मा होतो. महिन्यातून दोन-चार वेळा लग्नाकार्याला जाण्यापुरतीच गरज असेल, तर हाताने चालवायचा साधा पंप घ्यावा, किंवा तोही घेऊ नये. आणि प्रसूतीपूर्वीच, सातव्या महिन्यातच महागडा पंप घेऊन ठेवणे मला अनाठायी वाटते, कारण बाळ कसे पिणार हे तोपर्यंत कोणालाच माहीत नसते.

नरसाळ्याचे माप दोन्ही पंपांना सारखेच लागू पडते, आणि पंप कितीही महाग असला तरी चुकीचे माप त्याला निरुपयोगी करते. खोक्यात बहुधा 24 मिलिमीटरचे नरसाळे येते. ते सर्वांना बसतेच असे नाही. 21, 27, 30 अशी मापे वेगळी मिळतात. स्तनाग्र नरसाळ्याच्या नळीत मोकळेपणाने पुढेमागे सरकले पाहिजे, कडांना घासू नये, आणि भोवतालचा काळसर भाग फारसा आत ओढला जाऊ नये.

खान्देशात पंप निवडताना वीज आणि उन्हाळा या दोन गोष्टी धराव्याच लागतात. रुग्णालयातले बहुतेक पंप थेट विजेवर चालतात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या गावात भाड्याने आणलेला असा पंप वीज गेल्यावर नुसता पडून राहील, म्हणून घरी इन्व्हर्टर आहे का हे आधी पाहावे आणि जोडीला हाताने चालवायचा एक पंप ठेवावा. घरगुती पंपांत चार्ज करता येणारे पुष्कळ आहेत, आणि त्या बाबतीत ते सरस आहेत. उन्हाळ्याचा प्रश्न मात्र पंपाने सुटत नाही. काढलेले दूध बाहेर चार तास टिकते हा नियम साधारण 25 अंश तापमानापर्यंतचा आहे, आणि भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. तेव्हा दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, किंवा बर्फाच्या डब्यात ठेवावे. चार अंशांवर ते चार दिवस चांगले राहते, पण फ्रिज तासन्‌तास बंद पडत असेल तर हा हिशेब लागू होत नाही. त्या दिवसांत पुढच्या एक-दोन वेळांपुरतेच दूध काढावे. बाळाला देताना दुधाची वाटी कोमट पाण्यात ठेवावी. गायी-म्हशीच्या दुधासारखे ते गॅसवर उकळू नये. देण्यासाठी वाटी-चमचा किंवा बोंडले पुरते. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, तरी पंपाच्या खोक्यात बुचासकट बाटली आली म्हणून ती वापरलीच पाहिजे, असे अनेकींना वाटते.

अनेकींसाठीचा पंप विकत घेणे सामान्य घराला परवडत नाही, म्हणून तो भाड्यानेच घ्यायचा असतो. नाशिक-पुण्यासारख्या शहरांतून तो मागवता येतो. भाड्याने घेताना यंत्राच्या मूळ माहितीपत्रकात ते अनेकींच्या वापरासाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे का, हे पाहावे. भाड्याने देणारा म्हणतो एवढे पुरेसे नाही. संच सीलबंद आणि नवा घ्यावा. भाडे आठवड्याच्या हिशेबाने ठरवता आले तर बरे, कारण बाळ घरी आले आणि अंगावर पिऊ लागले की यंत्राची गरज अनेकदा तीन-चार आठवड्यांत संपते. त्यानंतर कामावर जायचे असेल तर घरगुती पंप तेव्हा, नवा, स्वतःसाठी घ्यावा. रुग्णालयातल्या संचाचे नरसाळे आणि बाटल्या त्याला बसतात का, हे दुकानात जोडून पाहिले तर तेवढा खर्च वाचतो.