पट्टी गायकाची, बोटं ल्यूटवाल्याची

बैठकीत पेटीवाला आधी विचारतो, "पट्टी कुठली?" गायक 'काळी एक' म्हणाला की सगळं त्याप्रमाणे लागतं. चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये ल्यूट या पडदे असलेल्या तंतुवाद्यावर गाणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडायचा, आणि त्याचं निम्मं उत्तर त्यांच्या लेखनपद्धतीतच होतं.

इंग्लंडचा संगीतकार आणि ल्यूटवादक जॉन डाऊलंड याचा गाण्यांचा पहिला संग्रह १५९७ साली छापला गेला. त्यात गळ्यासाठी पाच रेषांवर स्वर आहेत. ल्यूटसाठी मात्र सहा रेषा आणि त्यांवर अक्षरं. रेष म्हणजे तार, अक्षर म्हणजे पडदा: 'ए' मोकळी तार, 'बी' पहिला पडदा, 'सी' दुसरा. म्हणजे बोट कुठे ठेवायचं तेवढंच कागद सांगतो. आवाज किती उंच निघेल ते ल्यूटवर अवलंबून. गायकाला खालची पट्टी हवी? मोठा ल्यूट घ्या. बोटं तीच, अक्षरं तीच, गाणं खाली उतरतं. मला हा सगळ्यांत देखणा मार्ग वाटतो.

मोठाच का, छोट्याच्या खुंट्या सैल करून का नाही? वरची तात (आतड्यापासून केलेली तार) तुटण्याच्या जवळपास ताणलेली असते. ती किती उंच चढेल हे जाडीवर ठरत नाही. जाड तात ताण जास्त सोसते, पण तिचं वजनही त्याच प्रमाणात वाढतं. ठरते ती लांबी. ६० सेंमीची तात साधारण ३९२ हर्ट्झला नीट बोलते. तीच दोन पडदे (एक पडदा म्हणजे अर्धा स्वर) उतरवली तर ताण सुमारे एक-पंचमांशाने घटतो आणि खालच्या जाड ताता, ज्या मुळातच दबक्या, आणखी बसतात. ताण तेवढाच ठेवून उतरायचं तर लांबी ६७ सेंमी हवी. पाच पडदे उतरायचं तर ८०.

एकच ल्यूट असला तर अक्षरं नव्याने लिहावी लागतात. दोन पडदे खाली जाताना दुसऱ्या रेषेवरचा 'ए' तिसऱ्या रेषेवरचा 'डी' होतो. तिसरीवरचा 'ए' चौथीवर 'सी'. मोकळ्या तारा घुमतात, दाबलेल्या लवकर विझतात, म्हणून साथीचा रंगच पालटतो. सहाव्या, सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचं तर काहीच करता येत नाही. सहाच जोड्यांच्या ल्यूटवर (ल्यूटची एकेक 'तार' म्हणजे बहुधा दोन तारांची जोडी) तिच्या खाली तारच नाही. तो खर्ज एक सप्तक वर घ्यावा लागतो, आणि ओळीच्या शेवटी साथ जिथे खोल टेकायची, तिथे ती अधांतरी राहते.