रस्त्यावरील मृत्यू आणि कायदा (ग्रामीण विदर्भ)

हयगयीने वाहन हाकून कोणाचा जीव घेतला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 106 (1) लागते. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 1 जुलै 2024 पूर्वी हाच गुन्हा दंड संहितेच्या कलम 304-अ खाली येई व शिक्षा 2 वर्षांपर्यंतच होती.

हे कलम वाहनाची जात पाहत नाही. ट्रकवाला असो, सायकलस्वार असो की बैलबंडी हाकणारा, हयगय सिद्ध झाली की तो दोषी. फरक पडतो भरपाईत. सायकल आणि बंडी मोटार वाहनांत मोडत नाहीत, त्यांचा सक्तीचा विमाही नसतो. सायकलच्या धडकेने म्हातारा माणूस गेला, तर घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार बंद असते. उरतो 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याखालचा दिवाणी दावा. तो जिंकला तरी मजुरी करणाऱ्या सायकलस्वाराकडून वसूल काय होणार?

खरा घोळ उभ्या ट्रॉलीचा. सोयाबीनच्या हंगामात रात्री डांबरी रस्त्यालगत ट्रॉली उभी असते, चाकाखाली दगड, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. मोटारसायकल मागून आदळते. वाहन उभे होते म्हणून ट्रॅक्टरवाला आपोआप सुटत नाही. धोकादायक जागी वाहन सोडणे हीसुद्धा हयगय ठरू शकते. पण पंचनाम्यात 'दुचाकीस्वाराने मागून धडक दिली' एवढेच लिहिले गेले, तर मृताच्या माथी दोष बसतो आणि भरपाईला कात्री लागते. म्हणून दिवा होता का, ट्रॉलीचे किती चाक डांबरावर होते, हे पोलीस पाटलाने आणि पंचांनी तिथेच लिहून घेण्याचा आग्रह धरलाच पाहिजे.

धडक देऊन, न कळवता पळणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम 106 (2) जानेवारी 2024 मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर लागू करणे थांबवण्यात आले. तरी जखमीला दवाखान्यात पोचवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाचे कर्तव्य आहेच. जमावाच्या रोषामुळे ते जमले नाही तर सूट मिळते, जवळच्या ठाण्यात 24 तासांच्या आत कळवण्यातून मात्र सुटका नाही.

गाडी सापडलीच नाही, तर गावात 'आता काय मिळणार' म्हणून लोक गप्प बसतात. हा समज फार महागात पडतो. अशा मृत्यूसाठी 1 एप्रिल 2022 पासून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. आधी ही रक्कम 25 हजार होती. अर्ज अपघात घडला त्या भागाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. त्यासाठी गाडीचा नंबर लागत नाही.